रात्रपाळीचा केसपेपर : अमेरिकेतील प्राण्यांच्या आपत्कालीन रुग्णालयात स्क्राइबचे काम कसे करावे

परळ, शिरवळ, परभणी, उदगीर किंवा नागपूर येथून पशुवैद्यक शाखेची पदवी घेऊन अमेरिकेत आलेल्या माणसाला तेथे लगेच प्राण्यांवर उपचार करता येत नाहीत. भारतातील महाविद्यालयांना अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता नसल्यामुळे ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या, परदेशी पदवी पडताळणाऱ्या कार्यक्रमांपैकी एकातून जावे लागते, नॅव्हली ही परवान्यासाठीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यानंतर राज्याचा परवाना मिळतो. या वाटेत काही वर्षे सहज जातात. दरम्यान, नोकरी करण्याची कायदेशीर मुभा हाती असेल तर रुग्णालयाच्या आत राहून, रोज केसेस पाहत, अमेरिकी पद्धत अंगवळणी पाडण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे आपत्कालीन रुग्णालयातील मेडिकल स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहिणाऱ्या लेखनिकाची, नोकरी. व्हेटरिनरी स्कूलला अर्ज करण्यापूर्वी अनुभवाचे तास जमवणारी येथील मराठी घरांतली मुलेही हेच काम करतात. पुढील मजकूर या दोन्ही वाचकांसाठी असला तरी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः पहिला आहे, कारण त्याची अडचण वेगळी आहे आणि मी स्वतः त्यातून गेले आहे.

ती अडचण अशी. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला जो लेखनिक मिळतो, तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्याला उत्तर येत नसले की तो सांगितले तेवढेच लिहितो. येथे मात्र लेखनिकाला उत्तर येत असते. मांजराचे पोट पाहून काय झाले असावे हे त्याला डॉक्टरांच्या बरोबरीने समजते, आणि नेमके तेच त्याच्या लिखाणात उतरण्याचा धोका असतो. ऐकलेले, पाहिलेले आणि आपल्याला वाटलेले या तीन गोष्टी कागदावर वेगळ्या ठेवता येणे हेच या कामातले खरे कसब असून, खालील बहुतेक सूचना त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

कामाची हद्द आधी समजून घ्यावी

स्क्राइब डॉक्टरांच्या मागे फिरतो आणि डॉक्टर बोलतील, विचारतील, तपासतील आणि सांगतील ते संगणकातील केसपेपरमध्ये त्याच वेळी नोंदवतो. रोगनिदान, भविष्याचा अंदाज, औषधाची आज्ञा आणि शस्त्रक्रिया हे चारही अधिकार परवानाधारक पशुवैद्याचे असतात. इंजेक्शन देणे, शीर धरणे, भूल सांभाळणे ही कामे टेक्निशियनची असतात. स्क्राइबने प्राण्याला हातही लावू नये, असाच अनेक ठिकाणी दंडक असतो. रात्री २ वाजता तीन केसेस एकदम आल्या आणि कोणी तुम्हाला ‘जरा धरता का’ म्हणाले, तर प्रशिक्षण आणि वरिष्ठांची परवानगी असल्याखेरीज धरू नये. भारतात हजार कुत्री हाताळलेली असली तरी येथे चावा बसला तर विमा, रेबीजची नोंद आणि चौकशी हे सारे रुग्णालयाच्या गळ्यात पडते.

मालकाने बाजूला गाठून ‘तुम्हाला काय वाटते, वाचेल का?’ असे विचारले तर उत्तर एकच : ‘मी डॉक्टरांना तुमच्याकडे पाठवते.’ हे उत्तर कोरडे वाटते, पण ते पाठ करून ठेवावे. आपण पूर्वी रोज अशा प्रश्नांना उत्तरे देत होतो, त्यामुळे जीभ आपोआप सैल होते.

पहिल्या पाळीच्या आधी : शब्दांची अदलाबदल

भारतात शिकलेल्या माणसाचे इंग्रजी कच्चे नसते. त्याची संक्षिप्त रूपे वेगळी असतात आणि घोटाळा तेथेच होतो. आपल्याकडे दिवसातून एकदा द्यायच्या औषधापुढे ‘ओडी’ लिहितात. अमेरिकेत त्याच दोन अक्षरांचा अर्थ ‘उजवा डोळा’ होतो, आणि बोलण्यात ‘अतिमात्रा’ही होतो. आपले ‘बीडी’ आणि ‘टीडीएस’ येथे ‘बीआयडी’ आणि ‘टीआयडी’ होतात. दिवसातून एकदा या अर्थी ‘एसआयडी’ हे रूप पशुवैद्यकात चालते, पण माणसांच्या औषधदुकानात ते फारसे ओळखीचे नाही आणि घाईत ते ‘बीआयडी’सारखे वाचले जाऊ शकते, म्हणून ‘दर २४ तासांनी’ असे सरळ लिहावे. औषधांची नावेही तपासून घ्यावीत. आपले अ‍ॅड्रिनलिन म्हणजे येथील एपिनेफ्रिन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन, पॅरासिटामॉल म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. सलाईनच्या बाटलीला आपण सवयीने ‘आरएल’ म्हणतो, येथे ‘एलआरएस’ म्हणतात.

त्यानंतर आपत्कालीन विभागाची बोली शिकावी. बीएआर म्हणजे तरतरीत आणि सावध, क्यूएआर म्हणजे शांत पण सावध, एचबीसी म्हणजे गाडीने उडवलेले जनावर, जीडीव्ही म्हणजे फुगून पीळ पडलेले जठर, एनपीओ म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. एडीआर हे रूप मजेशीर आहे. मालकाला नेमके काय झाले ते सांगता येत नाही, पण जनावर ‘बरोबर नाही’ एवढे त्याला कळते, तेव्हा ते लिहितात. माझ्या मते स्क्राइबने हे रूप वापरूच नये आणि त्याऐवजी मालकाने जे पाहिले ते लिहावे, कारण ‘दोन दिवस जिना चढत नाही’ यातून डॉक्टरांना काहीतरी मिळते.

तारखेचा सापळा सर्वांत आधी बंद करावा. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, येथे ४ मार्च. लसीच्या जुन्या कागदावरची तारीख उतरवताना महिना अक्षरांत लिहिण्याची सवय ठेवावी. वजनाचेही तसेच. घरच्या काट्यावरचे वजन मालक पौंडांत सांगतो आणि औषधाची मात्रा किलोवर ठरते. २२ पौंडांचा कुत्रा १० किलोचा असतो. २२ हा आकडा किलोच्या रकान्यात गेला तर प्रत्येक औषध दुपटीहून जास्त जाईल. केसपेपरवर वजन फक्त किलोत, एकक लिहून, आणि आजच मोजलेले असल्यास तसे नमूद करून लिहावे.

पाळी सुरू होताना

बहुतेक रात्रपाळ्या दहा ते बारा तासांच्या असतात. दहा मिनिटे आधी पोहोचून सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या नावाने प्रवेश करावा. ईझीव्हेट असो, कॉर्नरस्टोन असो की इन्स्टिंक्ट, प्रत्येक बदलावर कोणी आणि कधी केला याचा ठसा उमटतो, त्यामुळे आधीच्या माणसाच्या उघड्या राहिलेल्या खात्यात एक ओळही लिहू नये. चाकांच्या टेबलावरच्या संगणकाची बॅटरी पाहावी. भिंतीवरचे घड्याळ, मॉनिटर आणि संगणक यांच्या वेळा जुळतात का ते पाहावे आणि जुळत नसतील तर कोणती वेळ प्रमाण धरायची ते पाळीप्रमुखाला विचारावे. वेळ चोवीस ताशी पद्धतीने लिहावी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बहुतेक राज्यांत पहाटे दोनला घड्याळ एक तास मागे जाते आणि त्या रात्री ०१:३० ही वेळ दोनदा येते. तेव्हा ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ असे शब्दांत नोंदवले नाही, तर सकाळी औषध आधी दिले की तपासणी आधी झाली याचा उलगडा होत नाही.

उभे कोठे राहायचे हेही ठरवून घ्यावे. डॉक्टरांचा आवाज ऐकू यावा, मॉनिटरचा पडदा दिसावा, आणि दार ते क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, ही वाट मोकळी राहावी. जनावराच्या तोंडाच्या बाजूस उभे राहू नये. एक्स-रे काढताना खोलीबाहेर जावे.

हकिकत : मालकाचे शब्द, घड्याळाची वेळ

जनावर दारातून आत आले की टेक्निशियन ट्रायाज, म्हणजे पहिली झटपट पाहणी, करतो : तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, आणि हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ, म्हणजे सीआरटी. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०० ते १०२.५ फॅरनहाइट आणि सीआरटी दोन सेकंदांच्या आत असते. हे आकडे तुम्हाला पाठ असावेत, पण ते ‘ठीक’ की ‘वाईट’ हे लिहिण्यासाठी नव्हे. चुकीचा ऐकलेला आकडा लगेच खटकावा एवढ्यासाठी. टेक्निशियन १०५ म्हणाला आणि तुम्हाला १०१ वाटले, तर समोरचे धापणारे बुलडॉग पाहून पुन्हा विचारण्याची बुद्धी व्हावी.

मग डॉक्टर मालकाशी बोलतात, आणि स्क्राइबची खरी कसोटी येथे लागते. एक उदाहरण जवळून पाहू. रात्री पावणेदोनला एक गृहस्थ पाच वर्षांचा नारिंगी बोका टोपलीत घालून आले. ‘काल संध्याकाळपासून बद्धकोष्ठ आहे’ हे त्यांचे पहिले वाक्य. बोका कण्हत होता, वाळूच्या पेटीत पुन्हा पुन्हा बसत होता असे ते म्हणाले. माझ्या मनात निदान तयार होते : मूत्रमार्ग तुंबला आहे. नोंद प्रत्यक्षात इंग्रजीत असते, येथे मराठीत देते. चुकीची नोंद दोन प्रकारे होऊ शकते. ‘काल संध्याकाळपासून बद्धकोष्ठ’ ही पहिली, कारण ती मालकाचे मत घटना म्हणून नोंदवते. ‘मूत्रमार्ग तुंबल्याने आलेला बोका’ ही दुसरी, कारण ते माझे मत आहे आणि डॉक्टरांनी अजून पोटाला हात लावलेला नाही. योग्य नोंद अशी : ‘मालकाच्या सांगण्यानुसार कालपासून, म्हणजे सोमवारी सुमारे १८:०० वाजल्यापासून, वाळूच्या पेटीत वारंवार बसून कुंथतो. मालकाला बद्धकोष्ठ वाटते. शेवटची लघवी कधी पाहिली हे मालकाला सांगता येत नाही. शेवटची शी रविवारी सकाळी, नेहमीसारखी. तेव्हापासून दोनदा उलटी.’ या पाच वाक्यांत निदान नाही, पण निदानाला लागणारे सर्व काही आहे. ‘शेवटची लघवी’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता, मी नव्हे. त्यांनी विचारला नसता, तर मी तो हळूच डॉक्टरांच्या कानावर घातला असता, पण उत्तराचा रकाना स्वतः भरला नसता.

या नोंदीतली ‘सोमवारी १८:००’ ही दुरुस्ती क्षुल्लक नाही. मध्यरात्रीनंतर मालक ‘काल’, ‘आज सकाळी’, ‘मघाशी’ हे शब्द सैल वापरतो. पहाटे दोनला त्याचा ‘आज’ बहुधा कॅलेंडरचा काल असतो. प्रत्येक वेळेला वार आणि तास जोडावा. विषबाधेत हीच गोष्ट जिवावर बेतते, कारण उलटी करवायची की नाही हे पोटात जाऊन किती वेळ झाला यावर बरेचसे ठरते.

उलटीबद्दलही एक सावधगिरी आहे. मालक ‘उलट्या करतोय’ म्हणतो तेव्हा अन्न बाहेर पडते, की नुसता फेस येतो आणि कुत्रा कोरडे ओकारे देतो, हे त्याच्याच शब्दांत लिहावे. मोठ्या छातीच्या कुत्र्याला काही बाहेर न पडता ओकारे येत असतील तर डॉक्टरांचे लक्ष लगेच जठराच्या पिळाकडे जाते. ‘उलटी’ एवढाच शब्द लिहिला तर तो सुगावा पुसला जातो.

विषबाधेच्या केसमध्ये वेष्टन हा पुरावा असतो. मालकाने ‘उंदराचे औषध’ आणले असे सांगितले तर त्यावरील मूळ घटक जसाच्या तसा, एकेक अक्षर पाहून उतरवावा. ब्रोडिफॅकूम असेल तर रक्त गोठणे बिघडते आणि त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. ब्रोमेथॅलिन असेल तर परिणाम मेंदूवर होतो आणि व्हिटॅमिन के काही कामाचे नाही. दोन्ही नावे ‘ब्रो’ने सुरू होतात आणि दोन्ही खोक्यांवर उंदराचे चित्र असते. मांजराने लिली चघळली असेल तर झाडाचा कोणता भाग खाल्ला एवढेच नव्हे, तर फुलदाणीतले पाणी प्यायले का, हेही डॉक्टर विचारतात आणि तेही नोंदले गेले पाहिजे. मूत्रपिंडाला इजा व्हायला तेवढेही पुरते. एएसपीसीएचे विषबाधा केंद्र किंवा पेट पॉइझन हेल्पलाइन यांना फोन केला असेल, तर तेथून मिळणारा केस क्रमांक केसपेपरच्या माथ्यावर लिहावा. तो क्रमांक सांगितला की डॉक्टरांना नंतर त्याच केसवर पुन्हा बोलता येते. रात्री चिठ्ठीवर लिहिलेला हा क्रमांक सकाळी सापडत नाही, हा माझा अनुभव एकदाचा नाही.

तपासणी : जे बोलले नाही ते लिहू नये

सॉफ्टवेअरमध्ये तपासणीचा तयार साचा असतो : डोळे, कान, हृदय, फुप्फुसे, पोट, सांधे, आणि प्रत्येकापुढे ‘सामान्य’ हा शब्द आधीच भरलेला. हा साचा वेळ वाचवतो आणि माणसाला गोत्यातही आणतो. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यात सापडले. एक लॅब्रॅडॉर धापा टाकत आला होता. डॉक्टरांनी छाती ऐकली, हिरड्या पाहिल्या आणि तो चिडल्यामुळे पोट चाचपायचे नंतरवर ठेवले. मी साचा उघडला, छातीचा मजकूर बदलला, आणि ‘पोट मऊ, दुखत नाही’ ही आधीच भरलेली ओळ तशीच राहिली. सकाळच्या डॉक्टरांना पोट घट्ट आणि दुखरे लागले. कागद सांगत होता की रात्री ते मऊ होते. म्हणजे सहा तासांत काहीतरी नवे घडले असा अर्थ निघाला आणि त्या दिशेने तपास सुरू झाला. कुत्र्याचे काही बिघडले नाही, पण एक सोनोग्राफी आणि दोन तास त्या ओळीपायी गेले. केसपेपरखाली सही रात्रीच्या डॉक्टरांची होती. बोलणी त्यांनी खाल्ली.

तेव्हापासून मी साचा उघडला की सर्व रकाने आधी ‘तपासले नाही’ करते आणि डॉक्टर बोलतील तसतसे बदलते. अनेक डॉक्टर मोठ्याने तपासत नाहीत. त्यांना पाळीच्या सुरुवातीलाच विनंती करावी की सामान्य आढळलेलेही तोंडाने सांगावे. पहिल्या रात्री ते विसरतात. मग तपासणी संपताच एकदाच, थोडक्यात विचारावे : ‘पोट, लसीकाग्रंथी आणि गुदद्वाराची तपासणी झाली का?’ प्रत्येक अवयवाला वेगळा प्रश्न विचारणारा स्क्राइब कोणालाच नको असतो.

आकडे आणि औषधे

आपत्कालीन विभागात गोंगाट असतो : पंपांची पीं-पीं, पिंजऱ्यातले भुंकणे, आणि तीन जण एकदम बोलत असतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक तेथे ऐकू येत नाही. आकडा परत म्हणताना अंक सुटे म्हणावेत : ‘वन फाइव्ह, पंधरा मिलि?’ ‘हायपो’ (कमी) आणि ‘हायपर’ (जास्त) हेही तसेच. तुंबलेल्या बोक्यात पोटॅशियम वाढते आणि वाढलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. तेथे ‘हायपोकॅलेमिया’, म्हणजे पोटॅशियम कमी, असे चुकून लिहिले गेले तर अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून शब्दाशेजारी नेहमी मोजलेला आकडा लिहावा. ‘पोटॅशियम ८.१’ असे लिहिलेले असले की शब्द चुकला तरी वाचणारा थबकतो.

दशांशचिन्हाचे दोन नियम कोठेही मोडू नयेत. दशांशचिन्हाआधी अंक नसेल तर शून्य लिहावे : ‘०.५’, नुसते ‘.५’ नव्हे. पूर्णांकापुढे दशांश लावू नये : ‘५’, ‘५.०’ नव्हे. टिंब पुसट झाले की पहिल्या चुकीत पाच होतात आणि दुसऱ्या चुकीत पन्नास. इन्सुलिनच्या बाबतीत ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचे आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते.

डॉक्टर औषधांना लाडकी नावे ठेवतात आणि ती नावे धोकादायक असतात. ‘थोडा डेक्स द्या’ या वाक्यातला डेक्स म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असू शकते, डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध असू शकते किंवा डेक्स्ट्रोज म्हणजे साखरही असू शकते. संदर्भावरून तुम्हाला उत्तर कळेल. तरीही विचारावे. ‘मेट्रो’ म्हणजे मेट्रोनिडाझोल की मेटोक्लोप्रामाइड, हाही तसाच प्रश्न. औषधाची नोंद पूर्ण नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये, मार्ग, वेळ आणि देणाऱ्याचे नाव एवढी झाल्याखेरीज पूर्ण समजू नये. आज्ञा दिल्याची वेळ आणि औषध प्रत्यक्ष दिल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्दीच्या रात्री त्यांच्यात चाळीस मिनिटांचे अंतर पडलेले मी पाहिले आहे. मेथाडोन, हायड्रोमॉर्फोन, केटामिन अशा नियंत्रित औषधांच्या नोंदवहीत स्क्राइबने सही करू नये, कोणी कितीही घाईने पुढे केली तरी.

कोड : दोन मिनिटांचा हिशेब

हृदय थांबले की ‘कोड’ पुकारला जातो. तत्पूर्वी एक गोष्ट केसपेपरवर असलीच पाहिजे : अशा वेळी पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करायचे की नाही, याबाबत मालकाने दाखल करताना घेतलेला निर्णय. तो ठळक जागी, पिंजऱ्यावरील पाटीशी जुळणारा असावा. दोहोंत तफावत दिसली तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगावे, मग ते फोनवर असोत की जेवत असोत.

कोड सुरू झाला की प्रशिक्षित स्क्राइबला अनेकदा नोंदणी आणि घड्याळ सांभाळण्याची जागा दिली जाते. पशुवैद्यकातील पुनरुज्जीवनाची रिकव्हर नावाची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये प्रथम आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. त्यांतला ठोकताळा मनात पक्का असावा : छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, नळी घातलेल्या जनावराला मिनिटाला १० श्वास द्यायचे, आणि दोन मिनिटांचे एक चक्र पूर्ण होईपर्यंत दाबणे थांबवायचे नाही. तुमचे काम घड्याळाचे आहे. पहिला दाब पडला ती वेळ लिहावी. पावणेदोन मिनिटे होताच ‘पंधरा सेकंद’ असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे दुसरा दाबणारा हात पुढे करून तयार राहतो. दोन मिनिटांवर ‘थांबा, बदला’ म्हणावे आणि त्या क्षणभरात डॉक्टर ईसीजीबद्दल जे बोलतील तेच शब्द लिहावेत. तुम्हालाही पडदा दिसतो, पण लय कोणती ते डॉक्टर सांगतील.

एपिनेफ्रिन दर तीन ते पाच मिनिटांनी, म्हणजे साधारण एक चक्र सोडून दिले जाते, तेव्हा ‘मागील मात्रेला चार मिनिटे झाली’ हे वाक्य तुमच्या तोंडून आले पाहिजे. मात्रा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ०.१ मिलिग्रॅम. टिंब एक घर सरकले तर दसपट. औषध भरणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणावा, देणाऱ्याने ‘दिले’ म्हणावे आणि ‘दिले’ ऐकल्यावरच तुम्ही वेळ टाकावी. संगणकावर टंकलेखन जमत नसेल तर कागदी तक्ता वापरावा; कोडमध्ये पेन्सिल कधी हँग होत नाही. प्रयत्न थांबवल्याची वेळ डॉक्टर उच्चारतात. ती त्यांनी उच्चारल्यावर लिहावी आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी तक्ता डॉक्टरांसमवेत एकदा वाचून घ्यावा, कारण अर्ध्या तासाने कोणालाही क्रम आठवत नाही.

पैसे, नकार आणि शेवटचा निर्णय

अमेरिकेत आपत्कालीन उपचारांचा अंदाजे खर्च आधी मालकापुढे ठेवला जातो आणि बहुधा त्याचा काही भाग आगाऊ घेतला जातो. मालकाने एखादी तपासणी किंवा दाखल करणे नाकारले तर त्याची नोंद निव्वळ ‘नकार’ अशी असू नये. काय सुचवले, न केल्यास कोणता धोका डॉक्टरांनी सांगितला, कोणी नकार दिला आणि किती वाजता, हे चारही मुद्दे लिहावेत. नकाराचे कारण मालकाने स्वतः सांगितले असेल तरच लिहावे. ‘पैशांअभावी’ हा शब्द आपल्या अंदाजाने कधीही टाकू नये. मालकाला केसपेपरची प्रत मागता येते आणि ती ओळ वाचून माणूस दुखावतो.

दयामरणाच्या केसमध्ये आवाज खाली येतात, पण नोंदी सैल होऊ देऊ नयेत. संमतिपत्रावर सही करणारी व्यक्ती मालक किंवा त्याने अधिकार दिलेली आहे ना, अंत्यविधी स्वतंत्र की सामूहिक, अस्थी परत हव्यात का, पंजाचा ठसा हवा का, हे एकदाच, नीट विचारलेले आणि लिहिलेले असावे. दुसऱ्या दिवशी त्याच शोकात असलेल्या घरी फोन करून पुन्हा विचारण्याइतकी वाईट गोष्ट नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा : गेल्या दहा दिवसांत हे जनावर कोणा माणसाला चावले आहे का? चावले असेल तर रेबीजच्या तपासणीसाठी मेंदू लागतो, आणि अंत्यसंस्कार झाल्यावर तो मिळत नाही. भारतातून आलेल्या पशुवैद्याला या प्रश्नाचे गांभीर्य सांगावे लागत नाही. येथील स्क्राइबला ते कधीकधी सांगावे लागते. रकाना रिकामा दिसला तर डॉक्टरांना आठवण द्यावी, संमतिपत्र पुढे करण्याआधी.

यंत्राने लिहिलेली नोंद

आता अनेक रुग्णालयांत संभाषण ऐकून आपोआप नोंद तयार करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती टंकलेखनाचा भार खरोखर कमी करतात, पण आवाज कोणाचा हे त्यांना नेहमी कळत नाही आणि न झालेली तपासणी गुळगुळीत वाक्यात बसवण्याची त्यांची खोड माझ्या साच्यासारखीच आहे. अशा ठिकाणी स्क्राइबचे काम पडताळणीचे होते : आकडे, एकके, औषधांची नावे, डावे-उजवे आणि नर-मादी. संभाषण ध्वनिमुद्रित होत असेल तर मालकाला तसे सांगितले गेले आहे ना, हेही पाहावे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाला सर्व संबंधितांची संमती लागते.

पहाट

सकाळी पाळी बदलते तेव्हा दिवसाचे डॉक्टर रात्रीचा सगळा केसपेपर वाचत नाहीत, वरचा भाग वाचतात. म्हणून सहा वाजल्यापासून प्रत्येक दाखल जनावराच्या नोंदीच्या माथ्यावर पुढील गोष्टी आहेत का ते पाहत जावे : आजची मुख्य अडचण, बाहेर पाठवलेल्या कोणत्या तपासण्यांचे निकाल यायचे आहेत, सलाईनचा दर, पुढील औषधाची वेळ, कोडबाबतचा निर्णय, आणि मालकाशी शेवटचे बोलणे कधी व काय झाले. हे मुद्दे डॉक्टरांनीच सांगायचे असतात. तुम्ही ते विचारून घ्यायचे.

राहून गेलेली गोष्ट आठवली तर जुन्या ओळीत घुसडू नये. आताची वेळ टाकून, पुरवणी म्हणून, स्वतंत्र लिहावी. ‘०६:२० वाजता नोंदवले : ०२:१० च्या सुमारास मालकाने सांगितले की...’ अशी प्रामाणिक उशिराची नोंद कोणालाही चालते. मागची वेळ घालून लिहिलेली नोंद सॉफ्टवेअर उघडी पाडते आणि मग बाकी सर्व खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडतो. डॉक्टर सही करण्याआधी त्यांना शंकेच्या जागा स्वतःहून दाखवाव्यात. मी त्या जागांवर तीन तारका टाकते, म्हणजे शोधताना त्या एका झटक्यात सापडतात आणि एकही तारका उरली नसली की केसपेपर सहीसाठी तयार.

माणसांच्या आरोग्यनोंदींसाठी असलेला हिपा हा कायदा प्राण्यांना लागू नाही, पण म्हणून मोकळीक मिळाली असे समजू नये. अनेक राज्यांचे पशुवैद्यकीय नियम आणि रुग्णालयाची स्वतःची शिस्त गोपनीयता मागतात. रुग्णाचे छायाचित्र स्वतःच्या फोनवर काढू नये, घरच्या गटात पाठवू नये, मांजर कितीही गोड असो. अनुभवाचे तास अर्जासाठी हवे असतील तर वेगळी वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, तास, केसचा प्रकार व देखरेख करणारे डॉक्टर एवढेच लिहावे. मालकाचे वा जनावराचे नाव लिहू नये.

घरी निघण्यापूर्वी स्वतःच्या खात्यातून बाहेर पडावे आणि खिसे उलटे करून पाहावेत. रात्रभरात घाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या तेथे असतात : एक फोन क्रमांक, एक वजन, ‘बोका, पोटॅशियम पुन्हा ५ वाजता’. प्रत्येक चिठ्ठी केसपेपरशी ताडून पाहावी, राहिले असेल ते पुरवणीत घालावे, आणि चिठ्ठ्या श्रेडरमध्ये टाकाव्यात.